देवबाग: एका बाजूला कर्ली, दुसऱ्या बाजूला दर्या

मालवणहून निघून तारकर्ली मागे टाकली की रस्ता अरुंद होत जातो. देवबागेत शिरलं की माडांमधून डावीकडे कर्लीची खाडी आणि उजवीकडे समुद्र, दोन्ही पाणी आलटूनपालटून दिसतात. सगळा गाव वाळूच्या एका चिंचोळ्या पट्टीवर वसलेला. खाडीकडच्या घराच्या खळ्यात जेवायला बसलो तरी समुद्राची गाज ऐकू येत होती.

बहुतेक पर्यटक होडीने थेट संगमावरच्या ‘त्सुनामी आयलंड’वर जातात. हा वाळूचा दांडा २००४च्या त्सुनामीनंतर वर आला, असं इथे सांगतात. समोरचं भोगवे होडीने अगदी जवळ, पण रस्त्याने जायचं तर नेरूरपारच्या पुलावरून भला मोठा वळसा.

मला ओढ होती ती रापणीची, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढून करायच्या मासेमारीची. जाळ्याच्या एका टोकाचा दोर किनाऱ्यावर धरून ठेवतात. होडी समुद्रात अर्धगोल फिरत जाळं सोडत जाते आणि दुसरं टोक बरंच लांब किनाऱ्याला लावते. मग दोन्हीकडून ओढायचं. बाप्ये, बायका, शाळकरी पोरं, सगळेच दोराला. एका काकांनी “वाईच हात लावा” म्हणत मलाही बोलावलं. ओला, खारट दोर तळहाताला काचतो, टाचा वाळूत रुततात आणि बराच वेळ जाळं जागचं हललंय असं वाटतच नाही. हळूहळू दोन्ही रांगा एकमेकींकडे सरकतात, वर घारी जमतात आणि एकदम उथळ पाण्यात चांदी उसळते. पेडवे बरेच, थोडे सौंदाळे, बांगडे मोजकेच. तिथेच वाळूवर वाटे पडले. माझ्या हातावरही बांगडे ठेवले. नको म्हटलेलं कुणी ऐकेना.

“पूर्वी बांगडो संपत नाय होतो,” काका म्हणाले. माशांचा अख्खा थवा घेरून उचलणाऱ्या पर्ससीन जाळ्यांवर राज्याने २०१६ मध्ये निर्बंध घातले, २०१७ मध्ये केंद्राने एलईडी दिव्यांनी मासे ओढून घेणाऱ्या मासेमारीवर बंदी आणली. तरी रात्री खोल समुद्रात दिवे दिसतातच, ही रापणकारांची तक्रार आहे. किनाऱ्यावर शंभर हात दोर ओढत असताना मासा बाहेरच्या बाहेर उचलला जावा, हा मला सरळसरळ अन्याय वाटतो.

त्यात समुद्र जमीनही खातोय. किनाऱ्याला काळ्या दगडांचे बंधारे घातलेत, तरी पावसाळी उधाणात लाटा माडांच्या मुळांपर्यंत येतात.

रापणीला ठरलेली वेळ नसते. देवबागेत मुक्काम करा, सकाळी किनाऱ्यावर चौकशी करा, दोराला हात लावा आणि मासळी तिथेच विकत घ्या.