थंड पाण्यात चपटे मासे शोधताना

थंड समुद्रात डायव्हिंगला उतरलं की सगळे खडकांकडे आणि केल्पकडे, म्हणजे मोठ्या समुद्री शेवाळाकडे वळतात. वाळू लागली की जोरात फिन (पायांतले पोहण्याचे पंखे) मारून पुढे. मला मात्र चपटे मासे पाहायचे होते, त्यामुळे माझ्या बडीला, म्हणजे डायव्हिंगच्या जोडीदाराला कंटाळा आला तरी वाळूवरच रेंगाळायचं असं आधीच ठरवून घेतलं.

वाळूतही ते कुठेही सापडत नाहीत. उघड्या माळासारख्या तळावर फिरण्यात नुसती हवा संपते. मला जास्त मासे दिसले ते खडक संपून वाळू सुरू होते त्या पट्ट्यात, आणि समुद्री गवताच्या कडेला. नदीच्या मुखाजवळ फ्लाउंडर हा चपटा मासा शोधावा, त्याला कमी खारं पाणीही चालतं. ऋतूचाही फरक पडतो. युरोपच्या किनाऱ्यावरचा प्लेस हा दुसरा चपटा मासा हिवाळ्यात अंडी घालायला खोल पाण्यात जातो आणि त्याची पिल्लं उथळ वाळूत वाढतात. म्हणून उन्हाळ्यात 5-6 मीटरवरही छोटे प्लेस भेटतात.

जागा बरोबर असली तरी मासा दिसेलच असं नाही, आणि खरी कसरत इथेच आहे. ड्रायसूटमधली (पाणी आत न येऊ देणाऱ्या पोशाखातली) हवा पायांकडे गेली की पाय वर, डोकं खाली, आणि तोल सावरायच्या नादात फिन तळाला लागून सगळं गढूळ. म्हणून आधी बॉयन्सी, म्हणजे पाण्यात तरंगत राहण्याचा तोल नीट जमवला, तळापासून हातभर वर राहून सावकाश फ्रॉग किक (बेडकासारखे पाय) मारायला लागले. टॉर्च वरून न मारता जवळजवळ तळाला समांतर धरला. अशा आडव्या उजेडात वाळूतला किंचितसा उंचवटाही सावली टाकतो. ही युक्ती जमल्यावर दिवसाही टॉर्च सोडला नाही.

पूर्ण मासा शोधायचाच नाही, डोळे शोधायचे. अंड्यातून बाहेर येताना हे मासे इतर माशांसारखेच असतात, दोन्ही बाजूंना एकेक डोळा. मग एक डोळा डोक्यावरून सरकत दुसऱ्या बाजूला जातो आणि मासा आडवा पडून जगायला लागतो. मी पाहिलेल्या एका प्लेसचे फक्त डोळेच वाळूबाहेर होते. एक माझ्याकडे रोखलेला, दुसरा भलतीकडेच फिरत होता. कल्ल्यापाशी वाळूचे कण मधूनच उडत होते. बराच वेळ पाहिल्यावर त्याची कड आणि पाठीवरचे नारिंगी ठिपके उमगले.

मासा उधळला तर पाठलाग करू नये. बहुतेकदा तो थोडं अंतर जाऊन तळाला टेकतो आणि पंख फडफडवून अंगावर वाळू ओढून घेतो. टेकलेली जागा नजरेत ठेवून हळूच जायचं. हात मात्र वाळूवर टेकवू नये. अशाच वाळूत वीव्हर नावाचा मासाही पुरलेला असतो, त्याच्या पाठीच्या काट्यांत विष असतं. जाड हातमोजे आहेत म्हणून निर्धास्त राहणारे पाहिले की मलाच धास्ती वाटते.

वाळूचा नियम मोडणारा एक चपटा मासा आहे, टॉपनॉट. तो खडकाला चिकटून राहतो, कधी कपारीच्या छताला उलटासुद्धा. त्यामुळे आता खडकाजवळून जाताना कपारीत टॉर्च मारला की मी मान वाकडी करून छतही तपासते.