जर्मनीत स्वयंसेवेचं वर्ष: विसरलेली जर्मन मराठीवरून उभी करा

बारावीला मार्कांसाठी जर्मन घेतली, इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत ती पार धुऊन निघाली, आणि आता वर्षभर जर्मनीत स्वयंसेवेला जायचंय. सांगली-मिरजेत अशी मुलंमुली आता भेटतात. बहुतेक जण पुन्हा इंग्रजीतून लिहिलेलं व्याकरणाचं पुस्तक उघडून पान एकपासून सुरुवात करतात. वेळ तिथेच वाया जातो. जर्मनच्या निम्म्या अडचणी मराठी माणसाला मुळात नाहीतच, त्या इंग्रजीच्या वाटेने गेल्यामुळे येतात.

आधी व्यवहाराचं उरकून घेऊ. स्वयंसेवेच्या दोन सरकारमान्य योजना आहेत. एफएसजे (ऐच्छिक सामाजिक वर्ष) ही 27 वर्षांच्या आतल्यांसाठी आहे, बीएफडीला (केंद्र सरकारची स्वयंसेवा) वरची वयोमर्यादा नाही. मुदत साधारण 12 महिने. काम वृद्धाश्रमात, दवाखान्यात किंवा अपंगांच्या संस्थेत. पगार मिळत नाही, पॉकेटमनी मिळतो. 2025 साली त्याची कायदेशीर कमाल मर्यादा महिना 644 युरो होती, पण बऱ्याच संस्था त्याहून कमी देतात. विम्याचे हप्ते संस्था भरते. म्हणून करारात आकड्याआधी राहायची खोली आणि जेवण धरलंय का ते बघा. खोली स्वतः शोधायची असेल तर त्या पैशात मोठ्या शहरात भागत नाही.

भाषेची अट बहुतेक ठिकाणी बी१, म्हणजे मधली पातळी. परीक्षा पुण्यात, बोट क्लब रोडच्या मॅक्स म्युलर भवनात देता येते. वाचन 65 मिनिटं, ऐकणं 40, लेखन 60, बोलणं साधारण 15. प्रत्येक भागात 100 पैकी 60 लागतात, आणि एखादा भाग राहिला तर तेवढाच पुन्हा देता येतो. जुनं प्रमाणपत्र कपाटात असलं तरी त्यावर विसंबू नका, व्हिसाला साधारण वर्षाच्या आतलं मागतात. व्हिसाचं काम मुंबईत. महालक्ष्मी एक्सप्रेसने रात्री निघून सकाळी पोचता येतं, पण अपॉइंटमेंट नऊच्या आधीची घेऊ नका, गाडीचा भरवसा नसतो.

आता भाषा. विसरलेली भाषा सारखी परत येत नाही. ऐकलेलं आणि वाचलेलं दोन-तीन आठवड्यांत ओळखीचं वाटू लागतं, तोंड मात्र उघडत नाही. त्यामुळे 'येतंय की' असा भ्रम होतो. रोज डॉइच वेले या जर्मन प्रसारण संस्थेच्या सावकाश वाचलेल्या बातम्या ऐकाच, पण त्यातली पाच वाक्यं थांबवून मोठ्याने परत म्हणा. नुसतं ऐकून बोलता येत नाही.

उच्चारांपासून सुरुवात करा. 'झेड' हे अक्षर जर्मनमध्ये चाक आणि चूल यातल्या 'च'सारखं उच्चारतात. हिंदीवाल्यांना तो मुद्दाम कमवावा लागतो, आपल्याला फुकट मिळालाय. तरी इंग्रजीच्या सवयीने पोरं 'त्साइट'ला (वेळ) 'झाइट' म्हणतात! 'ओ'वर दोन टिंबं असलेला स्वर मात्र आपल्याकडे नाही: जीभ 'ए'ची ठेवायची आणि ओठ 'ओ'चे करायचे.

आकडे तर थेट आपलेच. सत्तेचाळीस म्हणताना आपण आधी सात म्हणतो, मग चाळीस. 'झीबन-उंट-फिर्त्सिश'मध्येही तोच क्रम. इंग्रजीतून विचार केला की 47 च्या जागी 74 लिहिलं जातं, आणि खोली नंबर किंवा रक्तदाब टिपताना हे महागात पडतं. एकच खोच: एकोणतीस ते एकोणनव्वदमधलं 'एकोण' तिकडे नाही, सरळ नऊ-आणि-वीस म्हणतात.

घड्याळ त्याहून धोक्याचं. 'हाल्ब झीबन' म्हणजे साडेसहा, साडेसात नव्हे. सकाळपाळी अनेकदा याच सुमारास सुरू होते, म्हणजे चूक झाली तर अख्खा तास उशीर. दक्षिणेकडच्या आणि पूर्वेकडच्या काही भागांत 'ड्राय-फिर्टेल झीबन' म्हणतात, ते आपलं पावणेसातच.

वाक्यरचनेत 'वाइल' (कारण) किंवा 'दास' (की) आलं की क्रियापद शेवटी जातं. इंग्रजीवाल्यांना हे डोईजड होतं, आपलं क्रियापद तसंही शेवटीच असतं. उलट साध्या वाक्यात ते दुसऱ्या जागी आणायला जास्त घोटावं लागतं. तीन लिंगांची कल्पना आपल्याला नवी नाही, पण लिंगं जुळतात असं समजू नका: टेबल आपलं नपुंसक, 'टिश' पुल्लिंगी. शब्द पाठ करायचा तो आर्टिकलसकटच, म्हणजे पुढच्या 'डेर', 'डी', 'दास'सकट. विभक्तीत 'ला'चा आधार निम्माच. 'तुम्हाला मदत करू का?' मधल्या 'तुम्हाला'साठी 'ईनन' बरोबर बसतं. पण 'मी त्याला पाहिलं' यातही 'ला' आहे आणि तिथे जर्मनमध्ये 'ईम' नाही, 'ईन' येतं. 'ला'मुळे होणारा हा गोंधळ इंग्रजी पुस्तकं मराठीच्या अंगाने समजावत नाहीत. पंधरा-वीस क्रियापदांची यादी स्वतःच करा.

संबोधनात आपली सवय आडवी येते. वृद्धाश्रमात आजी-आजोबा म्हणायचं नाही. 'फ्राउ' (श्रीमती) किंवा 'हेर' (श्रीयुत), पुढे आडनाव, आणि 'झी', म्हणजे आपलं तुम्ही. सोबत काम करणारी पन्नाशीची बाई मात्र पहिल्याच दिवशी 'डू', म्हणजे तू, म्हणा म्हणेल. जीभ अडखळते, पण म्हणायचं. संकोचाने 'झी'ला चिकटून राहिलात तर ते तुटकपणाचं वाटतं.

पोचल्यावर घरी राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करायची असते. त्यासाठी घरमालकाची सही असलेला फॉर्म लागतो, नुसता भाडेकरार पुरत नाही. टपालपेटीवर आडनाव त्याच दिवशी चिकटवा. ते नसलं की पत्रं परत जातात, आणि करक्रमांक, विम्याचं कार्ड, बँकेचा पिन सगळं टपालानेच येतं. व्हिसा संपायच्या आत राहण्याच्या परवान्यासाठी अर्ज करायचा. अपॉइंटमेंट उशिरा मिळते, म्हणून पहिल्याच महिन्यात मागा.

कामावर पाळी बदलताना जी तोंडी माहिती देतात, ती सर्वांत अवघड असते. भराभर, अर्धवट वाक्यांत आणि स्थानिक बोलीत. सगळं समजायला हवं असा हट्ट सोडा. कोणती खोली, काय बदललं, आज काय करायचं नाही, एवढं टिपा आणि नंतर विचारून पक्कं करा. कुणाला घास गिळायला त्रास आहे हे तर विचाराच. अशांना साधं पाणी चालत नाही, घट्ट करून द्यावं लागतं. हसून 'या, या' (हो, हो) म्हणत मान डोलावणं इथे जिवावर बेतू शकतं. औषधं देणं आणि इंजेक्शन हे तुमचं काम नाही. घाईत कुणी सांगितलं तरी नकाराचं वाक्य घरूनच पाठ करून जा.

सामानात भडंग, मेतकूट, बेदाणा, हळद बिनधास्त न्या. दूध, खवा, तूप यांना युरोपात बाहेरून आणायला बंदी आहे, म्हणजे साताऱ्याचे कंदी पेढे विमानतळावरच जायचे. हळद मात्र सामायिक स्वयंपाकघरातल्या पांढऱ्या ओट्यावर सांडू देऊ नका. डाग निघत नाही, आणि खोली सोडताना अनामत रकमेतून पैसे कापले जातात.