तुम्ही विचारलेत म्हणून: माळ, वारी आणि बढतीचे पत्र

गेली काही वर्षे शाखेतले तरुण सहकारी आणि दिंडीत भेटणाऱ्या कॉलेजातल्या मुली मला एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारतात: गळ्यात माळ आहे, एकादशी आहे, वारी आहे, मग बँकेच्या परीक्षा, बढती, बदली हे सगळे कसे जमवलेत, आणि देवधर्मापायी हातच्या संधी गेल्या नाहीत का? आजवर मी हसून वेळ मारून नेली. तुम्ही पुन्हा विचारलेत म्हणून या वेळी नीट लिहिते. संधी गेल्या. तीन गेल्या. त्यांतल्या दोन गेल्या त्याला पांडुरंग जबाबदार नव्हता. तिसरी मात्र त्याच्यामुळेच गेली.

माझे माहेर माळशिरस तालुक्यातले, माउलींच्या पालखीच्या वाटेवरचे. बँकेत लिपिक म्हणून लागले त्याच वर्षी मी माळ घातली. आळंदी ते पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर, अठरा-वीस दिवसांची चाल. बँकेत अकरा दिवसांच्या सेवेमागे एक दिवस हक्काची रजा साठते, म्हणजे वर्षाला साधारण ३३ दिवस, तेव्हा कागदावर हे गणित सुटते. अडचण तिथीची असते. २०२३ साली आषाढी एकादशी २९ जूनला आली आणि २०२४ साली १७ जुलैला. म्हणजे एका वर्षी जूनअखेरीस पालखी पंढरीत पोचलेली होती, तर दुसऱ्या वर्षी त्याच दिवसांत ती आळंदीहून निघत होती, आणि तिमाहीअखेर काही दोन्हीकडून सुटत नाही. तरीही ही अडचण रजेचा अर्ज लवकर दिल्याने आणि दिवाळीत इतरांची कामे अंगावर घेतल्याने निभते. त्यावर अधिक शब्द खर्च करण्यात अर्थ नाही.

खरी गोष्ट बढतीची. लिपिकाचा अधिकारी झाला की बदली आलीच, आणि ती महाराष्ट्राबाहेरही होऊ शकते. पहिल्यांदा बढतीचे पत्र आले तेव्हा मी लेखी नकारात कारण ‘कौटुंबिक’ असे लिहिले आणि तोंडी सर्वांना सांगितले की वारी मोडेल. शाखेत माझे कौतुक झाले आणि ते कौतुक मला आवडले, हे लिहिताना आजही हात अडखळतो. तीन वर्षांनी दुसरे पत्र आले, तेव्हाही मी तेच केले.

त्या वर्षी नातेपुत्याच्या मुक्कामी, टँकरखाली कपडे धूत असताना, मी ही हकिकत आप्पांना, म्हणजे वडिलांना, मोठ्या अभिमानाने सांगितली. आप्पा आमच्या दिंडीचे वीणेकरी. त्यांनी धोतर पिळता पिळता विचारले, “बढती घेऊ नकोस म्हणून पांडुरंगाने तुला चिठ्ठी धाडली होती का?” मी गप्प बसले. मग ते म्हणाले, “तुला परमुलखाची भीती वाटते, तर तसं सांग. त्याच्या नावावर कशाला खपवतेस?”

आप्पांना हे बोलण्याचा अधिकार होता. गावच्या सप्ताहात वीणा अहोरात्र चालते, ती जमिनीवर ठेवत नाहीत. एकाचा पहारा संपला की दुसरा पाया पडून ती आपल्या गळ्यात घेतो. आमची शेती नीरा उजव्या कालव्यावर, आणि पाण्याची पाळी काही सप्ताह बघून येत नाही. पाळी आली की आप्पा पुढच्या पहारेकऱ्याला उठवून वीणा त्याच्या स्वाधीन करीत आणि बॅटरी घेऊन दारे धरायला जात. पहाटे चिखलाचे पाय धुऊन येत आणि राहिलेला पहारा पुरा करीत. त्यात त्यांना काही चुकल्यासारखे कधी वाटले नाही, आणि गावानेही त्यांना कधी बोल लावला नाही. हे मी लहानपणापासून पाहत होते. पाहूनही माझ्या ध्यानात आले नव्हते.

तिसऱ्या पत्राला मी होकार दिला आणि ओडिशात संबलपूरला रुजू झाले. माळकऱ्याने वर्षातून एकदा तरी, आषाढीला किंवा कार्तिकीला, पंढरीला जावे हा नियम. अठरा दिवस पायी चालणे हे सुख आहे, अट नव्हे. तिथल्या दोन्ही वर्षी मी दिवाळीच्या रजेला जोडून कार्तिकी केली. म्हणजे पायी चालणे चुकले, वारी चुकली नाही, आणि ‘वारी मोडेल’ हे माझे कारण मुळातच लंगडे होते याचा पुरावा मला माझ्याच हाताने मिळाला. आषाढात मात्र फार जड गेले. शुद्ध द्वितीयेला तिथे रथयात्रा. सगळी शाखा जगन्नाथाच्या गोष्टी बोलत असे, आणि माझ्या मनात त्या दिवशी पालखी कुठे असेल याचा हिशेब चाले. सायंकाळी भाड्याच्या खोलीत एकटीने हरिपाठ म्हणताना टाळ वाजवायला संकोच वाटे, म्हणून मांडीवर बोटांनी ठेका धरीत असे. पुढे घरमालकीणबाईंनीच दार वाजवून विचारले की तुमचे ते भजन रोज इतके हळू का असते.

अभ्यासाचेही विचारता, म्हणून सांगते. जेएआयआयबी आणि सीएआयआयबी या बँक कर्मचाऱ्यांसाठीच्या व्यावसायिक परीक्षा मी नोकरी आणि दोन मुले सांभाळून दिल्या. काकड्यामुळे पहाटे चारला उठायची सवय अंगात होती. परीक्षेच्या महिन्यांत मी काकड्याची पहिली आरती तेवढी म्हणून पुस्तक उघडीत असे आणि हरिपाठ जसाच्या तसा ठेवीत असे. ताळेबंदाचे गणित नामस्मरणाने सुटत नाही. एका विषयात मी नापास झाले तेव्हा नवस न बोलता शिकवणी लावली. इथे लोक मला सोनोपंत दांडेकरांचे उदाहरण देतात. ते तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक, पुण्याच्या स. प. महाविद्यालयाचे प्राचार्य, आणि ज्यांनी १९१७ साली आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली त्या जोग महाराजांचे शिष्य. वर्ग आणि कीर्तन दोन्ही त्यांनी सारख्याच निष्ठेने केले. माझा त्यांना नमस्कार आहे. पण ते आजन्म ब्रह्मचारी होते, आणि पहाटेच्या त्याच वेळात मला दोन डबेही भरायचे असत, एवढे ध्यानात ठेवून मगच ते उदाहरण मला द्यावे.

आता तिसरी संधी. मी परत महाराष्ट्रात आले ती एका ग्रामीण शाखेत. तेव्हा विमा पॉलिसी विकण्याचे लक्ष्य प्रत्येक शाखेला असे, आणि ते गाठणाऱ्यांची नावे वर जात. वरिष्ठांनी मला मोकळेपणाने सांगितले, “मॅडम, तुमच्या गळ्यात माळ आहे, गावात शब्द चालतो, तुम्हाला हे सहज जमेल.” त्याच आठवड्यात मुदत ठेव संपलेले एक म्हातारे बाबा आले. त्यांनाही माळ होती. काउंटरवर बसण्याआधी त्यांनी वाकून माझ्या पायाला हात लावला, मीही लावला. आमच्यात ही रीतच आहे. ठेवीच्या रकमेची पॉलिसी काढली तर दर वर्षी तेवढाच हप्ता भरावा लागेल, हे त्यांना ठाऊक नव्हते. फॉर्मवर मी पेनने खूण केली होती, त्यांनी फक्त अंगठा उमटवायचा होता. मी फॉर्म ओढून घेतला आणि ठेवीचे नूतनीकरण करून दिले. त्या वर्षी माझे मूल्यमापन खाली आले आणि मुख्य कार्यालयातली एक जागा, जिच्यासाठी मी पात्र होते, दुसऱ्याला मिळाली. वाईट वाटले, पुष्कळ दिवस वाटले. पण या वेळी कारण सांगताना मला कुठे अडखळावे लागले नाही.

आप्पा आता नाहीत. गावच्या सप्ताहात दुपारचा पहारा बायकांचा असतो, त्यात दोन ते चार माझी पाळी. गेल्या वर्षी मी वीणा घेऊन उभी असताना पिशवीतला फोन वाजत राहिला. पुढच्या बढतीच्या मुलाखतीची तारीख कळायची होती. शेजारच्या वहिनींनी न सांगताच वाकून माझ्या पायाला हात लावला आणि वीणा घेतली. मी मांडवाबाहेर चिंचेखाली जाऊन तारीख, वेळ, आणायची कागदपत्रे सगळे लिहून घेतले. परत आले तेव्हा चारला वीस मिनिटे कमी होती. मी त्यांच्या पाया पडले, आणि त्यांनी वीणा पुन्हा माझ्या गळ्यात दिली.