आजारी म्हणजे काय रे?

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी शाळेबद्दल काही लिहा, असा निरोप आला. शाळेबद्दल लिहायला बसलो की मी सरांबद्दलच लिहितो, हे संपादक मंडळाला माहीत नसावं. नाव देत नाही. आपल्या शाळेत नुसतं 'सर' म्हटलं की कोण, ते सगळ्यांना कळतं.

नववीत मी मॉनिटर होतो. पावसाळ्यात एका सोमवारी वर्गातली अकरा मुलं गैरहजर. मी अकराही नावांपुढे 'आजारी' लिहून वही सरांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी ती तशीच परत सरकवली. "आजारी म्हणजे काय रे? कशानं? पाणी कुठलं पितात?" मला वाटलं, फिरकी घेताहेत. पण मधल्या सुट्टीत त्यांनी मला आणि आणखी एकाला खरोखरच घरोघर पिटाळलं. अकरापैकी सात जणांना जुलाब, आणि सातही घरं एकाच नळावर पाणी भरणारी. संध्याकाळी सर स्वतः आले. नळाचा पाइप गटारातून गेला होता, तो आम्हाला वाकून बघायला लावला. गणवेशाला चिखल लागला म्हणून घरी बोलणी खाल्ली, ती वेगळी.

त्याच आठवड्यात पेशीचा धडा आला. पेशीपासूनच नवी पेशी तयार होते, 1855, रूडॉल्फ फिरखो, पुस्तकात एवढंच. सर पुस्तक मिटून सांगत सुटले. याच फिरखोला, म्हणजे या जर्मन डॉक्टरला, 1848 मध्ये प्रशियाच्या सरकारनं अप्पर सिलेशियात टायफसची साथ बघायला पाठवलं. अहवालात त्यानं औषधांऐवजी शिक्षण, स्वातंत्र्य आणि लोकांच्या हाती कारभार मागितला. पुढे 1859 पासून 1902 मध्ये मरेपर्यंत तो बर्लिनच्या नगरसभेत होता. प्रशियाच्या विधिमंडळात पंतप्रधान बिस्मार्कशी भांडला, नंतर राइशस्टागमध्ये, म्हणजे जर्मन संसदेतही गेला. सरांना मात्र कौतुक बर्लिनच्या भुयारी गटारांचं. ती व्हावीत म्हणून फिरखो नगरसभेत हटून बसला होता. आधी कलकत्त्याचे महापौर आणि मग पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री झालेल्या डॉ. बिधानचंद्र रॉय यांचंही नाव कधी निघे, पण सरांचा जीव फिरखोवर. परीक्षेत मी पेशीच्या उत्तरात बर्लिनची गटारं घातली. सरांनी अर्धा गुण कापला आणि समासात लिहिलं, 'विषयांतर'.

पुढे एमडी झालो, दवाखाना टाकला. दर पावसाळ्यात त्याच चार गल्ल्यांतली मुलं यायची. सलाइन लावा, ओआरएसची पाकिटं द्या, पंधरा दिवसांनी तेच मूल पुन्हा दारात. मी केसपेपरवर निदानाशेजारी 'नळ कुठला' तेही लिहू लागलो आणि ते कागद घेऊन महापालिकेत खेटे घालू लागलो. "डॉक्टरसाहेब, तुम्ही पेशंट बघा की!" हे चौथ्यांदा ऐकलं आणि निवडणुकीचा अर्ज भरला. डॉक्टर मित्रांनी वेड्यात काढलं. नगरसेवक, स्थायी समिती, मग दोनदा खासदार.

लोकसभेचा रुबाब मोठा, नाकारत नाही. पण पाणीपुरवठा आणि सार्वजनिक आरोग्य आहे राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत, म्हणजे पालिकांच्या कामांच्या यादीत. दिल्लीत मी प्रश्न टाकायचो आणि लेखी उत्तर यायचं, हा राज्यांचा विषय आहे. उलट स्थायी समितीत एका जलवाहिनीचा ठराव मंजूर झाला, तर पुढच्या पावसाळ्यात माझ्याच दवाखान्यातला बाक रिकामा दिसायचा. पक्षातल्या कुणाला हे पटत नाही.

आपली प्रयोगशाळा आता सभागृह झाली आहे. एसी उत्तम आहे. तो पितळी सूक्ष्मदर्शक कुठं गेला, ते विचारलं तर कुणालाच सांगता आलं नाही.

मी नगरसेवक असताना सर एकदा माझ्या कार्यालयात आले होते. हार नाही, पेढे नाहीत. रांगेत नंबर लावून बसले, कुणाला ओळखही सांगितली नाही. नंबर आल्यावर टेबलावर अर्ज ठेवला: त्यांच्या गल्लीत पाणी गढूळ येतं. मी उठून पाया पडलो, तर म्हणाले, "आधी वाच." सोबत यादी जोडली होती, घरवार, कोण कधीपासून आजारी आणि कशानं. त्या गल्लीतली लाइन बदलायला मला तीन वर्षं लागली. तोवर सर राहिले नव्हते. अर्ज माझ्याकडे आहे. यादीत सातव्या ओळीवर त्यांचं स्वतःचं नाव आहे.