देणगीदार तयार, घ्यायचं कुठे?

आमच्या कुलवृत्तांताची, म्हणजे घराण्याच्या वंशावळीची आणि इतिहासाची, वेबसाइट सगळ्यांना फुकट ठेवायची आणि खर्च ऐच्छिक देणग्यांतून भागवायचा, हे कुलसंमेलनात टाळ्यांच्या गजरात ठरलं. डोमेन, सर्व्हर, छापील वृत्तांताचं स्कॅनिंग, सगळं सुरळीत झालं. पैसे द्यायलाही लोक तयार होते. घोडं अडलं ते पैसे घेताना.

आमचं कुलमंडळ नोंदणीकृत, बँकेत जुनं खातंही होतं. त्यावर क्यूआर कोड हवा म्हणून शाखेत गेलो. 'सह्या करणारे बदला आधी,' काउंटरवरच्या बाई म्हणाल्या. ठरावाची प्रत दिली, चालेना. शेड्यूल वनचा, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या विश्वस्तांच्या नोंदीचा, ताजा उतारा हवा. तो काढला, तर त्यावर सगळी स्वर्गवासी मंडळी! विश्वस्त बदलले की ९० दिवसांत धर्मादाय आयुक्तांकडे चेंज रिपोर्ट दाखल करावा लागतो, महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याचं कलम २२. आधीच्या कार्यकारिणींनी तो कधी केलाच नव्हता. म्हणजे मागचे सगळे बदल ओळीने दाखल करा, विलंबमाफीचे अर्ज जोडा, जुनी इतिवृत्तं शोधा आणि मृत्यूचे दाखले आणा. बारा पिढ्या तोंडपाठ असणाऱ्या आमच्या घराण्यात माजी खजिनदारांचा दाखला कुणाकडे सापडेना. वृत्तांतात त्यांच्यापुढे फक्त 'वैशाख वद्य तृतीया'. श्राद्धाला पुरेसं; दाखला काढायला वर्ष नको का? शेवटी त्यांच्या सुनेने पेन्शनची कागदपत्रं उपसली, तेव्हा तारीख मिळाली.

बदल मंजूर झाले, वाटलं सुटलो. शाखेत नवे साहेब. त्यांना प्रमाणित प्रत हवी, मग मंडळाच्या घटनेची प्रत, मग सगळ्या विश्वस्तांचे फोटो. एका दमात कुणी सांगेल तर शपथ! म्हणून पहिल्याच दिवशी कागदांची यादी लेखी मागा, खाली शिक्का घ्या. मी ती मागितली आणि पुढचं काम झटक्यात झालं.

परदेशातल्या भाऊबंदांचं वेगळं प्रकरण. भारतीय पासपोर्ट असेल, तर ग्रीनकार्डवाल्याची देणगीही आपल्या साध्या खात्यात चालते. पण नागरिकत्व तिकडचं झालं की मूळच्या भारतीयांना मिळणारं ओसीआय कार्ड असूनही तो विदेशी स्रोत, आणि एफसीआरए या परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असल्याशिवाय त्याचा एक डॉलरही घेता येत नाही. न्यू जर्सीचा चुलतभाऊ यावरून अजून फुगलाय. तेव्हा आकडा विचारण्याआधी पासपोर्ट विचारा.

हो, आणि 'करसवलत मिळेल' असं पत्रकात छापू नका. एकाच जातीच्या लोकांसाठी काम करणाऱ्या संस्थेला देणग्यांवरच्या करसवलतीची मान्यता नसते, असं सीएने बजावलं. मला धास्ती होती की त्यामुळे लोक हात आखडता घेतील. तसं काही झालं नाही. १०१ आणि ५०१ रुपयेच जास्त आले, त्यावरच सर्व्हरचं वर्षाचं भाडं निघालं. पावती मात्र प्रत्येकाला त्याच दिवशी पाठवा. सर्वांत जास्त फोन ५१ रुपयेवाल्यांचेच येतात.