पाटणचा शिलालेख नेमकं काय सांगतो?

चाळीसगावकडचा कुणीही माणूस घ्या, भास्कराचार्य त्याचे घरचेच. पाटणादेवीला जाताना गाडीत विषय निघतोच, आणि व्हॉट्सॅपवर अधूनमधून तो मेसेज फिरतोच की भास्कराचार्यांचा जन्म आपल्या पाटणचा, पुरावा म्हणजे तिथला शिलालेख. पाटणचा अभिमान मलाही आहे, आणि तो का नसावा. पण त्या शिलालेखात जन्माबद्दल एक अक्षर नाही. उलट त्यात जे खरोखर कोरलेलं आहे ते मला जन्मस्थानाच्या वादापेक्षा कितीतरी भारी वाटतं आणि नेमकं तेच कुणी सांगत नाही, म्हणून हे लिहायला बसलो.

लेख शके ११२८ चा, म्हणजे इसवी सन १२०७ च्या आसपासचा. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो उजेडात आणला, पुढे कीलहॉर्न यांनी त्याचं वाचन एपिग्राफिया इंडिका या शिलालेखांच्या नियतकालिकात छापलं. बहुतेक भाग संस्कृतात आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, जो यादव राजा सिंघणाच्या दरबारी मुख्य ज्योतिषी होता, त्याने पाटणला एक मठ उभा केला, कशासाठी तर आजोबांचा सिद्धान्तशिरोमणी आणि घराण्यातले बाकीचे ग्रंथ तिथे शिकवले जावेत म्हणून. आणि इथल्या स्थानिक निकुंभ राजघराण्यातले सोइदेव आणि हेमाडिदेव या भावांनी त्या मठाला दान दिलं. शेवटी जुन्या मराठीतल्या काही ओळी येतात, "इयां पाटणीं जें केणें उघटे", म्हणजे या पाटणच्या बाजारात जो माल विक्रीला येईल त्यावरचं जे उत्पन्न सरकारकडे जायचं ते आता मठाला. बाजाराच्या करावर चालणारी गणिताची शाळा! आठशे वर्षांपूर्वी, आपल्या डोंगराच्या पायथ्याशी! हे सोडून आपण बाराव्या शतकातल्या बाळंतपणाची जागा शोधत बसतो.

भास्कराचार्य स्वतः आपल्या गावाबद्दल काय म्हणतात तर सह्याद्रीच्या आश्रयाला असलेलं विज्जडविड. आता हे विज्जडविड म्हणजे कुणी विजापूर म्हणतं, कुणी बीड, कुणी आपलं पाटण. पाटणच्या बाजूने बोलायला मुद्दे आहेत, सह्याद्रीची रांग तर अगदी डोक्यावर आहे, पण शिलालेख काढून "हा घ्या पुरावा" म्हणणं वेगळं आणि "नातवाने इथे मठ काढला म्हणजे घराण्याचा या भागाशी संबंध होता एवढं नक्की" म्हणणं वेगळं. दुसरं वाक्य कुणी पाडू शकत नाही. पहिलं वाक्य विजापूरवाला एका प्रश्नात पाडतो.

इतिहासाचं साधन कसं वाचायचं याचं माझं सगळं शिक्षण खरं तर इथूनच सुरू झालं. एखादं साधन खरं की खोटं हा प्रश्नच अपुरा आहे. कोणत्या गोष्टीसाठी खरं, हे विचारायचं. पाटणचा लेख दानाचा आहे. दान कुणी दिलं, कुणाला दिलं, कशातून दिलं हे त्यात चोख असणार कारण उद्या कुणी तो कर दाबला तर मठवाले त्याच दगडाकडे बोट दाखवणार होते. पण त्याच लेखात निकुंभांच्या पराक्रमाची स्तुती आहे ती मात्र दान घेणाऱ्याने दान देणाऱ्याची केलेली स्तुती आहे, तिला त्याच वजनाने घेऊन चालत नाही. एकच दगड, एका ओळीला पक्का आणि दुसऱ्या ओळीला कच्चा.

ज्यांना हे अवघड वाटतं त्यांनी आपल्या आजोबांचा शाळेचा दाखला काढून बघावा. जन्मतारीख १ जून. शेजारच्या आजोबांची पण १ जून. अख्ख्या गल्लीतले म्हातारे १ जूनचे. का ते आपल्याला माहीतच आहे, जूनमध्ये शाळा भरायची, बाप पोराला घेऊन गेला, तारीख कुणाला ठाऊक नव्हती, गुरुजींनी वय बघून तारीख टाकली. म्हणून दाखल-खारीज रजिस्टर खोटं ठरत नाही. पोरगं शाळेत कधी आलं, कोणत्या इयत्तेत सोडलं, पालकाचा धंदा काय सांगितला हे त्यात गुरुजींच्या डोळ्यासमोर घडत होतं. जन्म नव्हता घडत. नोंद करणाऱ्याने स्वतः काय पाहिलं आणि काय ऐकून किंवा अंदाजाने लिहिलं, हे वेगळं काढता आलं की निम्मं काम झालं. हल्ली कुणबी नोंदींसाठी सगळे जुनी रजिस्टरं आणि कोतवाल बुकं (गावातल्या जन्ममृत्यूच्या नोंदी) चाळतायत, त्यात फक्त एका शब्दावर बोट ठेवून पुढे जाऊ नका, ती नोंद कुणी सांगितली, कुणी लिहिली, आजूबाजूच्या पानांवर तोच कारकून काय लिहितोय हे पण बघा, खरा अर्थ तिथेच सापडतो.

लीलावतीची गोष्ट पण अशीच. भास्कराचार्यांच्या मुलीच्या लग्नाचा मुहूर्त, वेळ मोजायचं पाण्यातलं घटिकापात्र, त्यात पडलेला मोती, मुहूर्त टळला, आणि मुलीचं दुःख हलकं व्हावं म्हणून बापाने तिला गणित शिकवलं. लहानपणी ऐकलेली, डोळ्यात पाणी आणणारी गोष्ट. लीलावती हा ज्याचा गणिताचा भाग, तो सिद्धान्तशिरोमणी लिहिला शके १०७२ मध्ये, म्हणजे ११५० मध्ये, हे भास्कराचार्यांनीच सांगितलंय, जन्म शके १०३६ आणि ग्रंथ छत्तिसाव्या वर्षी. आणि मुहूर्ताची ही गोष्ट येते कुठून, तर अकबराच्या दरबारातल्या फैझीने १५८७ मध्ये लीलावतीचं फारसी भाषांतर केलं त्याच्या प्रस्तावनेतून. मधे चारशेपेक्षा जास्त वर्षं! मूळ ग्रंथात "अये बाले लीलावति मतिमति" अशी हाक आहे, कुठे "सखे" आहे, पण ही मुलगी होती की आणखी कोण, तिच्या लग्नाचं काय झालं, याबद्दल काही नाही. फैझीने ती गोष्ट कुठल्या तरी पंडिताच्या तोंडून ऐकली असेल, शक्य आहे. तरी ती सोळाव्या शतकातले लोक भास्कराचार्यांबद्दल काय सांगत होते याचा पुरावा झाला, बाराव्या शतकात काय घडलं याचा नाही. आणि हाच फैझी १५९१ मध्ये अकबराचा वकील म्हणजे दूत म्हणून खानदेशच्या राजे अलीखान फारुकीकडे आला होता, म्हणजे फिरून फिरून आपल्याकडेच!

या राजे अलीखानाने बुऱ्हाणपूरला जामा मशीद बांधली तिथे एकदा तरी जाऊन या. मशिदीत संस्कृत शिलालेख आहे, शके १५११ चा, त्यात फारुकी राजांची वंशावळ दिलीय आणि बांधकामाची तिथी पंचांगासकट दिलीय. फारुकींनी खानदेशावर १३८२ पासून दोनशेच्या वर वर्षं राज्य केलं, थाळनेर आणि मग बुऱ्हाणपूर, आणि आपल्या शाळेच्या पुस्तकात त्यांना दोन ओळी. ज्यांना वाटतं की मध्ययुगाबद्दल आपल्याला सगळं आधीच कळलेलं आहे त्यांनी त्या लेखासमोर थोडा वेळ उभं राहावं, कारण आपल्या मनातल्या साच्यात न बसणारं साधन भेटलं की साचा बदलायचा असतो.

आता माझा सगळ्यात आवडता विषय, बुऱ्हाणपूरजवळचा फारुकींचा असीरगड. १६०१ च्या जानेवारीत गड अकबराकडे गेला आणि फारुकींचं राज्य संपलं, यावर सगळ्यांचं एकमत. पण कसा गेला? अबुल फझल अकबरनाम्यात सांगतो ती बादशाही बाजू, वेढा, गडावरची रोगराई, आत माजलेला गोंधळ आणि मग शरणागती. अबुल फझल त्या मोहिमेत स्वतः कामाला होता, म्हणजे माहिती जवळची, पण लिहितोय कुणासाठी तर त्याच बादशहासाठी. दुसरीकडे जेझुइट पाद्र्यांची हकीकत. जेरोम झेवियर तेव्हा अकबराच्या छावणीत होता. त्याच्या पत्रांवरून युरोपात जी कहाणी छापली गेली तिच्यात अकबराने शपथ घेऊन शेवटचा फारुकी राजा बहादूरशहा याला गडाखाली बोलावलं, अडकवून ठेवलं, आणि शेवटी गडावरच्या सरदारांना सोनं-चांदी चारून दरवाजे उघडून घेतले. ही कहाणी फ्रेंचमध्ये लिहिणारा द्यू जारिक हिंदुस्थानात कधी आलेलाच नव्हता.

व्हिन्सेंट स्मिथ यांनी १९१७ मध्ये अकबराचं चरित्र लिहिताना जेझुइटांवर विश्वास टाकला आणि दरबारी लेखकांना खोटं ठरवलं. नंतर द्यू जारिकचं इंग्रजी भाषांतर करणाऱ्या पेन यांनी स्मिथ यांच्या त्या निष्कर्षावरच आक्षेप घेतले. मला वाटतं स्मिथ यांची चूक एका जागी होती, दरबारी माणूस धन्याची बाजू घेणार हे त्यांनी बरोबर ओळखलं, पण परका माणूस म्हणजे निःपक्षपाती असं धरून चालले. परक्यालाही स्वतःची बाजू असते. झेवियर छावणीत होता म्हणजे गडावर नव्हता, वरची बातमी त्याला कानोकान आलेली, शिवाय पोर्तुगीजांचे स्वतःचे हितसंबंध त्या राजकारणात होते. म्हणून मी दोन्ही हकीकती समोर ठेवून आधी जुळणारं काढतो. गड तोफांनी फोडून घेतला असं दोघंही म्हणत नाहीत, बहादूरशहा गडाखाली आला हे दोघांत आहे, तो परत वर गेला नाही हेही दोघांत आहे. एवढं पक्कं. शपथ आणि लाच यांच्यापुढे मी अजून प्रश्नचिन्ह ठेवतो, आणि ते तिथे राहिलं तरी चालतं, प्रत्येक गोष्टीचा निकाल लागलाच पाहिजे असं नाही.

थाळनेरला तर ती पण सोय नाही. २७ फेब्रुवारी १८१८. मंदसौरच्या तहाने होळकरांनी सातपुड्याच्या दक्षिणेचा मुलूख इंग्रजांना दिला होता, इंग्रज सेनापती हिस्लॉपची फौज थाळनेरच्या किल्ल्यावर आली, दरवाज्यात बोलणं चालू असताना चकमक उडाली, इंग्रज अधिकारी मेले, आतली शिबंदी कापली गेली आणि किल्लेदार तुळशीरामला फाशी दिलं. हे सगळं आपल्याला कळतं ते इंग्रजांच्या कागदांतून. आतला माणूस लिहायला उरलाच नाही. किल्लेदाराला तहाची बातमी नीट पोचली होती का, दरवाज्यावर कोण काय बोललं, कुणाला कुणाची भाषा कळली, सगळंच अंधारात. पण एका बाजूचेच कागद असले तरी हातपाय गाळायचे नाहीत, त्या बाजूत आपसात कुठे खटके उडतात ते बघायचं. या फाशीवरून १८१९ मध्ये खुद्द ब्रिटिश पार्लमेंटात प्रश्न उठले. आपल्याच सेनापतीला त्यांना हे विचारावं लागलं, म्हणजे तेव्हाच्या त्यांच्या नियमांनीसुद्धा ती गोष्ट सरळ नव्हती. १८८० चं खानदेश गॅझेटियर वाचताना हेच ध्यानात ठेवा. पिकं, रस्ते, बाजार यासाठी त्याच्यासारखं साधन नाही, पण भिल्लांबद्दल लिहिताना ते बंदोबस्त करणाऱ्या अधिकाऱ्याच्या नजरेने लिहितं. सेंधव्याच्या घाटाची राखण करणारा खाज्या नाईक १८५७ मध्ये उलटला तर तिथे तो लुटारू होतो, आणि सातपुड्यातल्या लोकांच्या तोंडी तो आजही नाईकच आहे.

धुळ्यात राहून हे सगळं शिकायला न मिळणं म्हणजे नदीकाठी तहानलेलं राहणं. इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी १८९८ पासून मराठ्यांच्या इतिहासाची साधने छापायला घेतली, बखरींपेक्षा अस्सल पत्रांवर जोर दिला, ते ३१ डिसेंबर १९२६ ला धुळ्यातच गेले, आणि त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ इथे उभं आहे. तिथे जाऊन आधी मोडी शिका. मोडी आली की मग कालगणना. पेशवाईतल्या पत्रावर "सलास सबैन मया व अलफ" दिसलं की घाबरू नका, अरबी आकडे आहेत, तीन, सत्तर, शंभर आणि हजार, झाले ११७३, हा सुहूर सन, मृगापासून सुरू होतो, त्यात ५९९ मिळवले की इसवी सन १७७२ चा जून आणि पुढचा काळ, जानेवारी ते मृगापर्यंतचं पत्र असेल तर ६०० मिळवायचे. तारखेआधी "छ" असेल तर तो चंद्र, पुढे मोहरम, सफर असा महिना येतो. हे जमलं की पत्र बनावट आहे का हे कधीकधी नुसत्या तारखेवरूनच कळतं, कारण नक्कल करणारा मजकूर छान जुळवतो आणि वार-तिथीत सापडतो.

आणि ज्यांच्या घरी कागद नाहीत त्यांनी पण थांबू नये. श्रावणात कानबाईच्या सणाच्या वेळी आयाबाया जी गाणी म्हणतात, म्हातारी माणसं "आमना आजाबा सांगेत" म्हणून ज्या गोष्टी सुरू करतात, भाट वही घेऊन येतात, ते सगळं साधन आहे. नुसता मोबाईलवर व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकू नका. म्हणणाऱ्या आजीचं नाव, माहेरचं गाव, सासरचं गाव आणि गाणं कुणाकडून शिकली हे तिथेच विचारून लिहून घ्या, माहेर सातपुड्याकडचं असेल आणि सासर गिरणाकाठचं तर गाणं कुठून कुठे आलं ते त्या दोन नावांवरूनच पुढच्या माणसाला शोधता येईल. आणि शब्द "शुद्ध" करू नका, अहिराणीत आहे तसं ठेवा.