गौरीचे हात

अणुस्कुरा घाटात समोरून ट्रक आला नसता तर मला ती दिसलीच नसती. ड्रायव्हरने एसटी डोंगराच्या अंगाला घेतली आणि खिडकीपासून हातभर अंतरावर, करवंदीच्या जाळीत, कळलावी पेटलेली! सहा पाकळ्या, सगळ्या मागे वळलेल्या, कडा नागमोडी. बुडाशी पिवळ्या, शेंड्याला लाल. फूल जुनं होतं तसा लाल रंग पिवळ्याला गिळत जातो. वर चढायला या वेलीने युक्तीही झकास काढली आहे. पानाचं टोकच लांबून गुंडाळतं आणि शेजारची फांदी घट्ट धरतं.

राजापूरजवळच्या एका गावात मित्राकडे गौरी होत्या. दुसऱ्या दिवशी काकूंबरोबर पाणवठ्यावर गेलो. त्यांच्याकडे तेरड्याची गौर. तेरडा उपटून झाल्यावर काकूंनी गडग्यावरची कळलावीची फुलंही खुडली. "हे गौरीचे हात," म्हणाल्या. वळलेल्या पाकळ्या खरंच बोटांसारख्या दिसतात.

"पण काकू, ही घरात आणली की भांडणं लागतात ना?"

"आपण आणली तर लागतात. गौर स्वतःचे हात घेऊन येते, तिला कोण अडवणार?"

यावर काय बोलणार!

'कळ लावणारी' म्हणून आपण तिला भांडखोर ठरवलं, पण ही कळ बाळंतपणाचीही आहे. अडलेल्या बाईच्या बेंबीखाली, तळपायाला तिच्या कंदाचा लेप लावत. आयुर्वेदात ती लांगली, कंद नांगरासारखा म्हणून. तिचं दुसरं नाव गर्भपातिनी, त्यात सगळं आलं. ग्रंथांनी तिला उपविषांत बसवलं आहे आणि गोमूत्रात शोधन केल्याशिवाय वापरू नये असं बजावलं आहे.

हे विष म्हणजे कोल्चिसिन. ते पेशींचं विभाजन थांबवतं. याच द्रव्याच्या अर्ध्या मिलिग्रॅमच्या गोळ्या डॉक्टर गाउटवर, म्हणजे सांधे सुजून ठणकतात त्या आजारावर, देतात, आणि बियांसाठी तमिळनाडूत कळलावीची रीतसर शेती होते. तिथलं ते राज्यपुष्पच आहे. मात्र औषध आणि विष यांतलं अंतर फार थोडं. रताळं समजून कंद खाल्ला तर काही तासांत उलट्या-जुलाब सुरू होतात, मग एकेक अवयव निकामी होऊ लागतो. त्यातून वाचलेल्यांचे केस आठवड्या-दोन आठवड्यांनी गळतात. याला खात्रीचा उतारा अजून नाही. तेव्हा लेपाबिपाच्या गोष्टी ऐकाव्यात, करून पाहू नयेत.

परतताना फुलांची ओंजळ काकूंनी माझ्याकडे दिली होती. गौर आत गेली, पावलं उमटली, भाजी-भाकरीचा नैवेद्य दाखवून झाला. मी पानावर बसलो तर काकू भाकरी हातातच धरून उभ्या.

"आधी न्हाणीवर जा. साबण लावून हात धू. दोनदा."